ऑर्किड घेण्याआधी खिडकी पाहा

माझं पहिलं ऑर्किड पाण्यात राहून तहानेनं मेलं. पानं सुरकुतली, म्हणून मी पाणी वाढवलं. ती आणखी सुरकुतली, मी आणखी घातलं. शेवटी झाड कुंडीतून उपसलं तेव्हा मधोमध ओल्या मॉसचा गच्च गोळा निघाला आणि त्यात तपकिरी, बिलबिलीत मुळं. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरचं आवरण मोज्यासारखं सरकून हातात आलं आणि आत राहिला नुसता दोरा. मुळंच कुजली तर झाड पाणी पिणार कशानं?

ते निसटलेलं आवरण म्हणजे वेलामेन. ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या, जगात सुमारे २८,००० जाती आहेत आणि त्यांतल्या ७० टक्क्यांच्या आसपास जाती झाडांच्या फांद्यांवर वाढतात. बांडगुळासारखा रस त्या चोरत नाहीत, फक्त बसायला जागा घेतात. तिथे माती नाही. पाऊस आला की भिजायचं आणि वारा सुटला की सुकायचं. वेलामेन हा मेलेल्या, पोकळ पेशींचा थर टीपकागदासारखं पाणी शोषतो. कोरड्या मुळावर पाणी टाकून बघाच एकदा: चंदेरी मूळ डोळ्यांदेखत हिरवं होतं. पेशींमधल्या हवेची जागा पाणी घेतं, थर पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. म्हणून मी पारदर्शक कुंडी वापरतो. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असली की हात आवरायचा. ‘आठवड्यातून एकदा’ या सल्ल्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे. कुंडीत माती नकोच, सालीचे जाड तुकडे हवेत.

आता निवडीबद्दल. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या हौशी श्रीमंतांनी उष्ण प्रदेशांतून ऑर्किड आणली आणि ती सगळी कोंदट, तापलेल्या काचघरांत कोंडली. उष्ण प्रदेशातली म्हणजे त्यांना उकाडाच हवा, असा हिशेब! डोंगरावरच्या गार धुक्यातली झाडंही त्यात होती. हजारो मेली. १८३०च्या दशकात इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या बागेत तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी वेगवेगळ्या तापमानाची काचघरं केली, हवा खेळती ठेवली, तेव्हा कुठे झाडं जगू लागली. ‘सोपं ऑर्किड कोणतं?’ असं कुणी विचारलं की मला ही काचघरं आठवतात. सोपं, पण कुठल्या खिडकीत?

भर दुपारी झाड ठेवायच्या जागेपासून हातभर वर तळवा धरा. सावलीच्या कडा पुसट पडल्या तर उजेड मंद आहे, रेखीव पडल्या तर भरपूर आहे. आणि सावलीच पडली नाही, तर फुलांची आशा सोडा. तिथे लुडिसिया नावाचं ऑर्किड लावून बघा. त्याची फुलं किरकोळ, पण गडद मखमली पानांवरच्या तांबूस रेघा फुलांची उणीव भासू देत नाहीत.

पुसट सावलीच्या जागेसाठी फॅलेनॉप्सिस. पतंगासारखं दिसणारं, असा त्या नावाचा अर्थ. ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते १८२५ मध्ये दिलं. माणसाला घरात जे तापमान सुखाचं वाटतं, साधारण १८ ते २९ अंश, तेच यालाही मानवतं. शिवाय हे झाड आपली पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, दिवसा मिटून ठेवतं आणि मुख्यतः रात्री उघडतं. कार्बन डायऑक्साइड रात्री साठवायचा, उजेड आला की वापरायचा. त्यामुळे पाणी कमी उडतं आणि एखाद्या वेळी तुम्ही विसरलात तरी झाड तग धरतं. फुलं दोन-तीन महिने टिकतात. नाजूक जागा एकच: सगळी पानं जिथून फुटतात तो मधला कोंब. तिथे पाणी साचून कोंब कुजला तर झाड बहुधा संपतंच, म्हणून साचलेलं पाणी कागदाच्या बोळ्यानं टिपून घ्यावं.

उजेड जास्त असेल तर डेंड्रोबियम किंवा ऑन्सिडियम. ऑन्सिडियमला पानांच्या बुडाशी फुगीर छद्मकंद असतात, त्याच त्याच्या पाण्याच्या टाक्या. डेंड्रोबियम घेताना मात्र विचारून घ्या, कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या स्वभावांची झाडं विकली जातात. फॅलेनॉप्सिससारख्या फुलांचा गट वर्षभर ऊब मागतो. नोबिले गटाला हिवाळ्यात गारवा आणि जवळजवळ उपास लागतो. त्या काळात लाडानं पाणी आणि खत देत राहिलात, तर फुलांऐवजी खोडावर पिल्लं फुटतात. कॅटलियाला याहून जास्त उजेड लागतो. व्हँडाच्या निळ्याजांभळ्या फुलांवर कुणीही भाळेल, पण उघडी लोंबती मुळं रोज भिजवायची आणि हवाही दमट ठेवायची तयारी नसेल, तर घरातल्या खोलीसाठी नकोच.

संकरित झाड निवडा. जंगलातून उपटलेलं कुणी देऊ केलं तर घेऊ नका. सबंध ऑर्किड कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या कराराचं नियंत्रण आहे आणि जंगलातून आणलेली झाडं घरात क्वचितच रुळतात. तशी गरजही उरलेली नाही. ऑर्किडच्या धुळीएवढ्या बियांत अन्नसाठा नसतो, निसर्गात बुरशीच्या मदतीशिवाय त्या रुजत नाहीत. १९२२ मध्ये लुईस नुडसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं बुरशीला वगळून त्या साखरेच्या माध्यमावर रुजवल्या आणि काचेच्या बाटलीत हजारो रोपं करणं शक्य झालं.

घेताना फुलांआधी मुळं बघा. घट्ट आणि टवटवीत हवीत. दांड्यावर काही कळ्या उमललेल्या असाव्यात, कारण जागा बदलली की न उमललेल्या कळ्या बऱ्याचदा गळतात. फॅलेनॉप्सिसची फुलं गेल्यावर दांडा हिरवा असेल तर बुडापासून कापू नका, त्याच्या एखाद्या पेरातून पुन्हा फुटवा येऊ शकतो. तो वाळला तर नव्या दांड्यासाठी काही आठवडे रात्री जरा गार, १६ ते १८ अंशांच्या आसपास मिळाव्यात. मग एके दिवशी पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावेल. गोल, चकचकीत असेल तर ते मूळ. किंचित चपटं, बोटं मिटलेल्या इवल्या हातमोज्यासारखं असेल, तर तो फुलांचा दांडा.