लिंगभाव, वर्ण आणि गोरेपण: जरा मागचं

सौंदर्याच्या मापाबद्दल स्त्रीवादी काय म्हणतात यावर सध्या कोकणातल्या ग्रुपांवरही बरंच बोलणं चाललंय, म्हणून थोडं मागचं लिहितो. अगदी जुनं फार लिहीत नाही, माझं वाचन 1990 नंतरचंच जास्त आहे.

तरी एक गोष्ट सांगायला हवी. विधवेचं केशवपन, मुख्यतः ब्राह्मण घरांतलं. नवरा गेला की केस गेले, कुंकू गेलं, अंगावर आलवण (विधवेचं तांबडं लुगडं) आलं, म्हणजे बाईचं दिसणं हे तिचं नव्हतंच, नवरा असेपर्यंत मिळालेला परवाना होता तो. 1890 मध्ये मुंबईत नाभिकांनीच हे काम करायचं नाही असं ठरवलं. 1893 मध्ये दापोलीजवळच्या मुरुडच्या एका प्रोफेसरांनी विधवेशी लग्न केलं तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बाईला हा वस्तरा नव्हता, पण तिला कोणी सुंदर म्हणून मोजतही नव्हतं, हे लोक विसरतात.

आता तो शब्द, ज्यावरून खरी भांडणं होतात. लिंगभाव, म्हणजे इंग्रजीतला जेंडर.

1949 मध्ये एका फ्रेंच लेखिकेने मांडलं की बाई जन्मतः बाई नसते, ती तशी घडत जाते. तिच्याकडे या घडण्याला वेगळा शब्द नव्हता. जेंडर हा व्याकरणातला शब्द माणसांना लावायला अमेरिकेतल्या डॉक्टर आणि मानसशास्त्रवाल्यांनी 1950च्या दशकात सुरुवात केली, स्त्रीवाद्यांनी तो 1970च्या दशकात उचलला, शरीर वेगळं आणि समाजाने शिकवलेलं बाईपण वेगळं हे सांगायला. मराठीत अडचण अशी की लिंग हा शब्द व्याकरणातही, शरीरातही आणि देवळातही. मग भाव जोडला. यावर आक्षेप असा की भाव म्हटलं की आतलं काहीतरी वाटतं, भक्तिभाव म्हणतो तसं, आणि मुद्दा तर उलटा आहे, हे बाहेरून लादलेलं आहे. (मासळी बाजारात भाव म्हणजे दर. लग्नाच्या बाजारातही तोच अर्थ धरला तर शब्द अगदीच वाईट नाही.) त्यात 1990 मध्ये अमेरिकेतून नवीन मांडणी आली की नुसता भाव नाही, ज्याला आपण नैसर्गिक शरीर म्हणतो त्याकडे बघायची नजरही समाजानेच घडवलेली, आणि बाईपण हे रोज पुन्हा पुन्हा करून टिकतं. मग लिंग आणि लिंगभाव ही वाटणीच डळमळली. ज्यांनी नुकताच हा शब्द पाठ केला होता ते वैतागले, साहजिक आहे.

मला विचाराल तर मालवणीत हे आधीपासून दिसतं. झील (मुलगा) इलो, बायल (बाई) इली, पण चेडू (मुलगी) इला. मुलगी नपुंसकलिंगी! शरीर तेच आणि व्याकरण वेगळं. यावरून कोकणात समता होती असं काही म्हणत नाही, तसं नव्हतंच, पण व्याकरणातलं लिंग आणि शरीर एकच नाही हे समजवायला इंग्रजी पुस्तक लागत नाही एवढंच.

आता सौंदर्याची बाजू. 1968 मध्ये अमेरिकेत ॲटलांटिक सिटीला सौंदर्यस्पर्धेबाहेर बायकांनी खोट्या पापण्या, उंच टाचांच्या चपला, ब्रा कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. जाळलं काही नाही, ती नंतरची दंतकथा. आपल्याकडे 1994 मध्ये एकाच वर्षी दोन जागतिक मुकुट आले आणि 1996 मध्ये बंगळुरूला स्पर्धा भरली तेव्हा विरोधात दोन गट होते, एक संस्कृती बुडते म्हणणारा आणि एक बाईचा माल होतो म्हणणारा, आणि पेपरात दोघांना एकच धरलं. स्विमसूटची फेरी शेवटी सेशेल्सला नेली. माझ्या मते त्या गोंधळाने स्त्रीवादी मुद्द्याचं फार नुकसान केलं, आजही इथे कोणी पार्लरबद्दल प्रश्न विचारला की समोरचा म्हणतो, काय ओ, संस्कृतीरक्षक झालात काय?

त्याच दशकात दलित स्त्रीवाद्यांनी वेगळं बोट ठेवलं, की बाई म्हणून जे एक माप धरता ते कुठल्या जातीच्या बाईचं? कोकणात हे लगेच कळतं. गोरी, घारी, नाजूक हे माप ज्यांच्या बायकांना उन्हात जावं लागत नव्हतं त्या घरांचं. सुकी मासळी उन्हात पसरणारी, भाताच्या लावणीला वाकणारी बाई त्या मापात बसणारच नाही. सुरंगीचा वळेसार (गजरा) मात्र दोघींच्या केसांत.

गोरेपणाची क्रीम, फेअर अँड लव्हली, 1975 मध्ये बाजारात आली. 2003 मध्ये एका महिला संघटनेच्या तक्रारींनंतर तिच्या काही जाहिराती बंद झाल्या, 2005 मध्ये पुरुषांसाठी वेगळी क्रीम निघाली (तिच्यावर एवढी ओरड झाल्याचं आठवत नाही), 2014 मध्ये काळा रंग कमीपणाचा दाखवायचा नाही असे जाहिरातींचे नियम आले आणि 2020 मध्ये क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून चमक आणली. ट्यूबमधला माल विकायचा थांबला नाही.

लग्नाच्या बायोडेटात मात्र एक रकाना अजून असतो, वर्ण. म्हणजे रंगही आणि जुना तो दुसरा वर्णही, एकाच शब्दात. गव्हाळ, निमगोरा, गोरा. सावळा लिहिलेलं क्वचितच दिसतं. हल्ली काही जण तो रकाना गाळतात, फोटो फोनच्या ब्युटी मोडवर काढून लावतात.