गिरणगावातली दुकानदारी आणि ‘मोकळी जमीन’: पार्श्वभूमी

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड या पट्ट्यात, हल्ली सतत कुठलं ना कुठलं जुनं दुकान हलत असतं. चाळ पुनर्विकासाला जाते, खालच्या वाण्याला तात्पुरता गाळा मिळतो किंवा मिळत नाही, भाजीवाल्या मावशी समोरच्या फुटपाथवर सरकतात. भाद्रपद जवळ आला की मंडप नव्या टॉवरच्या फाटकासमोर घालायचा की नाही यावर बैठका बसतात. एकेक भांडण सुटं बघितलं तर गल्लीपुरतं वाटतं. पण बऱ्याच भांडणांचं मूळ शोधत गेलं की माणूस एकाच ठिकाणी पोचतो: गिरण्यांच्या जमिनीची वाटणी कशी करायची, याच्या नियमात २००१ साली झालेल्या एका दुरुस्तीपाशी.

गिरण्या कशा आल्या आणि १९८२ चा गिरणी संप कसा चिघळला हे पुन्हा सांगण्याची गरज नाही. दुकानदारीच्या अंगाने एवढंच बघायचं की इथला किरकोळ धंदा गिरणीच्या पाळीला आणि पगाराला बांधलेला होता. रात्रपाळी सुटायची तेव्हा चहावाला उघडा असायचाच. कोकणातून किंवा घाटावरून आलेला गडी बहुधा एकटा, बायकापोरं गावी. गावकीच्या एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे आणि जेवायला खाणावळीत जायचे. ही खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतल्या एखाद्या बाईची राहती खोली, दोन स्टोव्ह, भिंतीला टेकवलेले पाट आणि महिन्याच्या हिशेबावर जेवणारे गडी. पैसे पगार झाल्यावर. त्या बाईचं वाण्याकडचं खातंही तेव्हाच मिटायचं. गिरणी वाण्याला थेट एक पैसाही देत नव्हती, पण त्याची उधारीची वही भोंग्यावर चालत होती.

आणि हा खाणावळीचा धंदा बहुतेक वेळा कुठल्याच दप्तरात धंदा म्हणून नोंदलेला नसे. भाडेपावतीवर ती राहती खोलीच. हे पुढे फार महाग पडलं.

लालबागच्या बाजाराची हकिगत त्याहून जुनी. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला आणि तिथले कोळी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. आज ज्याच्या दर्शनाला लोक दिवस-दिवस रांगेत उभे राहतात, तो मुळात मासळी आणि भाजी विकायच्या जागेचा नवस आहे. रांगेतल्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. सणाची जागा आणि धंद्याची जागा इथे पहिल्यापासून वेगळी काढता येत नाही. एकीला धक्का लागला की दुसरी हलते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. सुरुवातीला उधारीवर भागलं, मग वाण्यांनी हात आखडते घेतले आणि गडी एसटी पकडून गावी गेले. ज्यांची घरं इथेच होती त्यांनी चाळीखाली, स्टेशनाबाहेर, मिळेल तिथे गाडी लावली. वडापाव, भुर्जी, भाजी. बायकांनी पोळ्या लाटून दिल्या, पापड घातले, मसाले केले. आज ‘अनधिकृत फेरीवाले’ म्हणून ज्यांच्यावर कारवाई होते त्यांतल्या कित्येक गाड्या संपाच्या त्या वर्षांत लागलेल्या आहेत. कारवाईच्या बातमीत हे कधी येत नाही.

टिकला तो मसाल्याचा बाजार, आणि तो का टिकला हे बघण्यासारखं आहे. उन्हाळा लागला की लालबागच्या मसाला गल्लीत बायका घरून यादी घेऊन येतात. बेडगी इतकी, संकेश्वरी इतकी, रंगाला काश्मिरी वेगळी. मिरची मुठीत घेऊन, देठ मोडून बघायची, गरम मसाला तिथेच भाजून घ्यायचा आणि मग मसाला कुटायच्या डंकाशेजारी नाकाला पदर लावून उभं राहायचं, आपलाच मसाला आपल्याच डब्यात पडेपर्यंत. यांतल्या पुष्कळ जणी आता डोंबिवली, विरार, बदलापूरला राहतात. चाळीतली खोली गेली, पण वर्षाचा मसाला लालबागचाच. गिरणीच्या पगारावर अवलंबून नसलेलं हे एकच गिऱ्हाईक उरलं, म्हणून बाजार उरला.

आता मुख्य मुद्दा. शहरात कापडगिरण्या ५८ आणि त्यांच्याखालची जमीन जवळपास ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचाच नियम या जमिनींसाठी आला (आकडा जुळला तो योगायोग). आजारी किंवा बंद गिरणीला जमीन विकसित करायची परवानगी, पण जमिनीचे ढोबळ तीन भाग करून. एक महापालिकेला, मैदानं आणि उद्यानांसाठी. एक गृहनिर्माण प्राधिकरणाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाला. गिरणीच्या आकारानुसार टक्केवारी थोडी बदलायची, तत्त्व तेच. आणि वाटणी सगळ्या जमिनीची, म्हणजे शेड पाडल्यावर जी रिकामी होईल तीही धरून.

मालकांना हे परवडेना. दोन वाटे सोडायचे तर विकायचं कशाला, असं म्हणून बहुतेक गिरण्यांच्या फाटकांना कुलपंच राहिली. या अडकलेल्या जमिनींचा एकत्रित आराखडा करावा म्हणून १९९६ मध्ये एका नामवंत वास्तुरचनाकाराच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल आला आणि बाजूला पडला.

मग २००१. दुरुस्तीनंतर नियम क्रमांक ५८ च राहिला, तीन वाटेही राहिले. फक्त वाटणी कशाची करायची ते बदललं. आता वाटायची ती ‘मोकळी जमीन’, म्हणजे आवारात आधीपासून बांधकाम नसलेला तुकडा. शेड पाडून जी जागा निघेल ती वाटणीबाहेर, मालकाकडे. २००३ मध्ये खुलासा काढून हाच अर्थ पक्का केला गेला.

गिरणीचं आवार ज्याने आतून पाहिलंय त्याला हा शब्द किती जड आहे ते लगेच कळेल. कातखाता, साचाखाता, गोदामं, बॉयलर, चिमणी. करवतीच्या दात्यांसारख्या छपरांच्या शेडी जमीनभर पसरलेल्या. मोकळं असायचं ते फाटकापासून खात्यापर्यंतचा रस्ता, कापसाच्या गाठी उतरवायचं अंगण, एखादं तळं. समजा गिरणी १५ एकरांची आणि त्यातल्या १२ एकरांवर बांधकाम. जुन्या नियमाने साधारण पाच-पाच एकरांचे तीन वाटे, म्हणजे शहराला मैदान आणि घरं मिळून दहा एकर. नव्या नियमाने वाटणी तीनच एकरांची, शहराच्या पदरात दोन. शब्द एक बदलला आणि आठ एकर इकडचे तिकडे झाले. उदाहरण मी सोयीचे आकडे घेऊन रचलंय, पण गणिताची दिशा हीच.

पर्यावरणवाद्यांनी याला न्यायालयात आव्हान दिलं. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांचं म्हणणं उचलून धरलं: मोकळी जमीन म्हणजे पाडकामानंतर मोकळी होणारीही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ ला तो निकाल फिरवला आणि सरकारने केलेला अर्थ कायम ठेवला. दरम्यान २००५ मध्येच सरकारी मालकीच्या पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे २,००० कोटी रुपयांना विकून झाल्या होत्या.

दुसरी बाजूही आहे. १९९१ चा नियम कागदावर उदार होता, पण त्यातून जमीन फारशी बाहेर आलीच नाही आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षं थकली. अडकलेल्या जमिनीतून पैसा सुटला तरच फंड आणि ग्रॅच्युइटी मिळेल, हा सरकारचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. देणी चुकती झालेले कामगार आहेत आणि ते या दुरुस्तीला शिव्या घालत नाहीत. पण त्यासाठी वाटणीचा पायाच काढून घ्यायला हवा होता का, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दुकानदारांच्या चर्चेत हा सगळा इतिहास सहसा येत नाही, कारण तो ‘जमिनीचा’ मानला जातो, धंद्याचा नाही. खरं तर गिऱ्हाईक कोण असणार हे त्या वाटणीनेच ठरवलं. तिसरा हिस्सा घरांना गेला असता तर महिन्याचं सामान भरणारी कुटुंबं इथे राहिली असती. त्याऐवजी आवारांत मॉल, कार्यालयं, उपाहारगृहं आली. वाण्याला कार्यालयातल्या माणसाचा काही उपयोग नाही. तो दुपारी एक ते तीन रस्त्यावर येतो, चहा, सँडविच, झेरॉक्स, मोबाईलचं कव्हर घेतो आणि संध्याकाळी गाडी पकडतो. वाण्याचं सुपारी-सुतळीचं दुकान पोळी-भाजी केंद्राला भाड्याने गेलं ते याच हिशेबाने. मैदानांचा वाटा आटल्यामुळे कबड्डीचे सामने, कामगार रंगभूमीच्या तालमी, दहीहंडीचा सराव, सगळं एकाच रस्त्यावर आलं, जिथे आता पार्किंगही आहे.

पुढची वर्षं बातम्यांतून सगळ्यांना ठाऊक आहेत. गिरण्यांसाठी आखलेल्या स्टेशनांवर कार्यालयांची गर्दी आली. २९ सप्टेंबर २०१७ ला परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. या दोन्ही घटनांची चौकशी झाली ती पूल आणि परवाने यांची. आवारं अशी कशी भरली, हा प्रश्न कुणाच्या कार्यकक्षेत बसत नव्हता.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. २०१६ मध्ये मुंबईतलीच आणखी २,६३४. अर्जदार दीड लाखाच्या घरात. उरलेल्यांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीकडे घरं देण्याची योजना पुढे आली आणि तिला मोठा विरोध झाला. ज्यांना घर लागलं त्यांतल्या काहींनी ते भाड्याने दिलंय, हेही खरं आहे. वारसाची नोकरी कल्याणला असेल तर तो दुसरं काय करणार?

आता पाळी चाळींची. उपकरप्राप्त इमारतींच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारतींच्या, पुनर्विकासात राहत्या भाडेकरूला किमान क्षेत्राचं घर मिळतं. दुकानदाराला त्याच्या जुन्या गाळ्याएवढा गाळा. वरवर न्याय्य, पण दुकानदार कोण हे ठरतं भाडेपावतीवर. खाणावळवालीची खोली राहती, म्हणून तिला घर मिळेल, आणि तेराव्या मजल्यावर डबे करायला सोसायटी परवानगी देईल की नाही ते सोसायटीवर. ओट्यावर बसणाऱ्या भाजीवालीकडे तर पावतीच नाही. जिन्याखालचा चांभार, बोळातला इस्त्रीवाला, हे नकाशात नसतात. सरकारी मालकीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय आणि लोक खूश आहेत, व्हायलाच हवेत. तळमजल्यावरच्या धंद्याची बोलणी मात्र बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी होतात, रहिवाशांच्या सह्या झाल्यावर. तोवर दुकानदाराच्या हातात ताणायला काही उरलेलं नसतं.

यात भर पुलांची. डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. येता-जाता थांबणारं गिऱ्हाईक पाच वर्षं दुसऱ्या वाटेने गेलं, आणि पूल झाल्यावर वरून सुसाट जाऊ लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडण्यासाठी बंद केला गेला. त्या तोंडाच्या परळच्या दुकानदारांशी आता बोललं तर पहिली विचारणा नव्या पुलाच्या उंचीची होते: उतार आमच्या दारात संपणार, की पुढच्या नाक्यावर?