वाढलेल्या प्रोस्टेटवर उष्णतेचा इलाज: दीडशे वर्षांची वाट

ठाण्याहून स्लो लोकलने सीएसएमटी गाठायला साधारण तास लागतो आणि लोकलमध्ये शौचालय नसतं. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेली पुरुषांची ग्रंथी, वाढलेल्या माणसाला तो तास फार लांब वाटतो. मासुंदा तलावाकाठी बसणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत गोळ्या, दुर्बिणीचं ऑपरेशन, लेझर यांच्या जोडीला हल्ली वाफेचा उपचारही येतो. "कापाकापी नाही," एवढंच बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कल्पना मात्र जुनी आहे, आणि आधीचे प्रयत्न कुठे अडले हे प्रत्येक रुग्णाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

1870च्या दशकात इटलीचे शल्यचिकित्सक एन्रिको बोत्तिनी विजेने तापवलेलं पातं मूत्रमार्गातून नेऊन प्रोस्टेटमध्ये वाट करत, तेही आतलं काही दिसत नसताना. 1926 मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांचा रिसेक्टोस्कोप, म्हणजे मूत्रमार्गातून आत पाहत ऊतक कापता येणारं उपकरण, आला. पुढे त्यातूनच टीयूआरपी, म्हणजे आपण ज्याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतो ते, रुळलं.

न कापता नुसती उष्णता देऊन भागेल का, हा प्रश्न 1980च्या दशकात पुढे आला. गुदमार्गातून मायक्रोवेव्ह देऊन ग्रंथी 42 ते 44 अंश सेल्सिअसपर्यंत तापवत. लुटुपुटूच्या उपचाराशी (सगळं तसंच, फक्त उष्णता नाही) तुलना केली तेव्हा फारसा फरक दिसला नाही. वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि एवढ्या तापमानाला पेशी टिकून राहतात. म्हणून उष्णता 45 अंशांच्या वर नेली. मायक्रोवेव्हचा अँटेना मूत्रमार्गातल्या नळीत बसवला आणि त्याच नळीतून गार पाणी फिरवून मूत्रमार्गाचं अस्तर वाचवलं. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 1996 मध्ये या यंत्राला मंजुरी दिली. सुया टोचून रेडिओलहरींनी ग्रंथी तापवण्याची पद्धतही त्याच वर्षी मंजूर झाली. अमेरिकन यूरॉलॉजी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आता ही सुयांची पद्धत सुचवत नाहीत.

2000 मध्ये एफडीएला मायक्रोवेव्हबद्दल इशारा द्यावा लागला. नळी जागेवरून सरकल्याने मूत्रमार्ग आणि गुदाशय भाजल्याच्या गंभीर घटना घडल्या होत्या. काही रुग्णांना गुंगीचं औषध इतकं दिलेलं होतं की दुखतंय हे त्यांना सांगताच आलं नाही. डॉक्टरांनी पूर्ण वेळ रुग्णाजवळ थांबावं, असं तेव्हा बजावण्यात आलं. मला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: यंत्रावरचा आकडा बरोबर असूनही उष्णता भलतीकडे जाऊ शकते.

लेझरची गोष्टही तशीच. सुरुवातीचा एनडी-याग किरण खोलवर शिरे. मेलेलं ऊतक हळूहळू गळून पडेपर्यंत रुग्णाला लघवीची नळी आणि जळजळ सोसावी लागे. होल्मियमचा किरण पाण्यात चटकन शोषला जातो, अर्ध्या मिलिमीटरच्या आतच थांबतो. न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग यांनी त्यानेच ग्रंथीचा वाढलेला अख्खा भाग सोलून काढायची पद्धत बसवली.

वाफेच्या उपचाराला अमेरिकेत 2015 मध्ये परवानगी मिळाली. सुईतून सुमारे 9 सेकंद वाफ सोडतात. ती पेशींमधल्या फटींतून पसरते, थंड ऊतकाला लागून तिचं पाणी होतं आणि तेव्हा साठलेली उष्णता बाहेर पडते. कुकरची वाफ हाताला एवढी भाजते ती यामुळेच. ग्रंथीच्या आवरणापाशी ती बरीचशी अडते, म्हणून शेजारच्या अवयवांना धोका कमी.

साधारण 30 ते 80 घनसेंटिमीटरच्या प्रोस्टेटसाठी ही पद्धत सुचवली जाते, त्यामुळे सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्यावा. नंतर काही दिवस नळी राहते, सूज येते. धार सुधारायला काही आठवडे जातात. शिवाय टीयूआरपीत निघालेले तुकडे तपासायला पाठवता येतात, तसं इथे काहीच हाती येत नाही. म्हणून कर्करोगाची शंका पीएसए ही रक्ततपासणी आणि डॉक्टरांची तपासणी यांनी आधीच दूर करून घ्यावी लागते.