व्हिएतनामी, पण कुठली? सायगॉनच्या उच्चारांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुभाष्यासाठी, ध्वनिमुद्रणासाठी किंवा शिकवणीसाठी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतो, की ज्यांच्याशी आपल्याला बोलायचे आहे ती मंडळी व्हिएतनामच्या कोणत्या भागातली आहेत. छापील मजकूर हानोईत आणि हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये, अक्षरशः सारखाच लिहिला जात असल्यामुळे अनेकांना हा प्रश्न गैरलागू वाटतो. तो का महत्त्वाचा आहे, हे या पत्रकात सांगितले आहे.

सुरुवातीच्या काळात आम्ही सर्वांना हानोईचे उच्चार शिकवत होतो, कारण बहुतेक पाठ्यपुस्तके त्याच उच्चारांवर बेतलेली असतात. सायगॉनला माल पाठवणाऱ्या एका ग्राहकाने आमच्याकडे पूर्ण अभ्यासक्रम केला. तिथे गेल्यावर त्यांचे बोलणे सर्वांना समजले, कारण उत्तरेकडची भाषा दक्षिणेतल्या माणसाच्या कानावर बातम्यांतून रोज पडत असते. मात्र समोरच्याने दिलेल्या उत्तरातले त्यांना जवळजवळ काहीच कळले नाही. ही चूक त्यांची नव्हती, आमची होती. तेव्हापासून आम्ही सायगॉनची बोली स्वतंत्रपणे शिकवतो.

फरक कसा असतो, हे पाव विकणाऱ्या बाईच्या हातगाडीपाशी उभे राहिल्यास चटकन लक्षात येते. (पुढील उदाहरणांत 'ङ' हा 'अंगण' म्हणताना नाकातून येणारा ध्वनी समजावा आणि 'ञ' हा 'पंच' म्हणताना येणारा.) 'विकणे' या अर्थाचा शब्द हानोईत 'बान' असा ऐकू येतो आणि पावाला तिथे 'बाञ मी' म्हणतात. सायगॉनमध्ये विकण्याचा शब्द 'बाङ' होतो, तर पाव 'बन मी' होतो. हानोईच्या उच्चारांवर कान तयार झालेला माणूस सायगॉनमध्ये 'बन' ऐकतो आणि त्याला तो विकण्याचा शब्द वाटतो. प्रत्यक्षात ती बाई पावाचे नाव घेत असते.

हा बदल मनाला येईल तसा होत नाही. दक्षिणेत बहुतेक स्वरांनंतर शब्दाच्या शेवटी येणारा 'न' घशाकडे सरकून 'ङ' होतो आणि त्याच वाटेने 'त'चा 'क' होतो. देशाच्या नावातला 'व्हिएत' हा शब्दसुद्धा सायगॉनच्या घरगुती बोलण्यात 'यीएक' असा ऐकू येतो, आणि सायगॉन हे नाव तिथल्या माणसाच्या तोंडी 'गोङ' असे संपते. 'इ' आणि 'ए' या स्वरांनंतर मात्र 'न' आणि 'त' टिकतात. शिवाय हानोईत शब्दाच्या शेवटी जिथे 'ञ' ऐकू येतो, तिथे दक्षिणेत 'न' येतो. परिणामी हानोईत वेगळे असलेले काही शब्द दक्षिणेत एकरूप होतात. उदाहरणार्थ, 'विरघळणे' आणि 'सुतक' या अर्थांचे दोन शब्द उत्तरेत 'तान' आणि 'ताङ' असे वेगळे आहेत, पण सायगॉनमध्ये दोन्ही 'ताङ' असेच उच्चारले जातात आणि अर्थ संदर्भावरून ठरतो.

शब्दाच्या सुरुवातीचा सर्वांत ठळक फरक 'य'चा आहे. व्हिएतनामी स्त्रियांचा लांब पोशाख हानोईत 'आओ झाय' म्हणून ओळखला जातो, त्यातला 'झ' 'माझा'मधल्या 'झ'सारखा असतो; सायगॉनमध्ये तोच 'आओ याय' असतो. रोमन 'व्ही'चा उच्चारही तिथे रोजच्या बोलण्यात 'य' होतो, त्यामुळे 'घरी परतणे' या अर्थाचा उत्तरेतला 'वे' दक्षिणेत 'ये' असा ऐकू येतो. बातम्या वाचताना किंवा औपचारिक भाषणात मात्र दक्षिणेतले लोकही 'व' जपतात. म्हणून जाहिरातीचे ध्वनिमुद्रण आणि सूचनांचे ध्वनिमुद्रण यांच्यासाठी आम्ही एकाच कलावंताला वेगवेगळ्या पद्धतीने बोलायला सांगतो.

आता मराठी माणसाच्या सोयीची गोष्ट. रोमन 'टी' आणि 'आर' ही जोडअक्षरे हानोईत 'च'सारखी उच्चारतात, त्यामुळे चहाचा शब्द तिथे 'चा' असाच ऐकू येतो. दक्षिणेत मात्र ती जीभ मागे वळवून, आपल्या 'ट'च्या जवळ उच्चारतात, आणि न्हा ट्रांग या किनाऱ्यावरच्या शहराचे नाव 'ञा टाङ' होते. रोमन 'एस'साठीही दक्षिणेत जीभ वळते आणि जुन्या शिक्षकांनी शिकवलेला मूर्धन्य 'ष' आठवतो. हल्लीचे अनेक तरुण सायगॉनकर हे फरक सैल बोलण्यात गाळतात, पण सावकाश बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे ते स्पष्ट ऐकू येतात. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात आणखी एक वळण आहे: तिथले काही लोक 'र'ऐवजी घशात घासून 'ग' म्हणतात, त्यामुळे 'का रो' हा मासा 'का गो' होतो.

सुरांविषयी, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चढउतारांविषयी, थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. लेखनात सहा सूर आहेत आणि हानोईत ते सहाही वेगळे ऐकू येतात. सायगॉनमध्ये पाचच ऐकू येतात, कारण 'होय' आणि 'ङा' या नावांचे दोन सूर तिथे एक झाले आहेत. हानोईत 'ङा' सुराच्या मध्यावर आवाज घशात क्षणभर तुटतो आणि मग वर चढतो, तर दक्षिणेत दोन्ही सूर न तुटता खाली उतरून पुन्हा वर येतात. 'दूध' आणि 'दुरुस्ती' हे शब्द उत्तरेत केवळ या सुरांमुळे वेगळे आहेत. सायगॉनमध्ये कॉफीतले दूध आणि रस्त्याकडेच्या पाटीवरची मोटारसायकलची दुरुस्ती हे दोन्ही शब्द कानाला एकच वाटतात. त्यामुळे दक्षिणेतली मुले शुद्धलेखनात या दोन चिन्हांची गल्लत करतात, आणि उत्तरेतली मुले 'ट' आणि 'च' यांच्या अक्षरांची. 'नाङ' हा सूर हानोईत घशात अचानक बंद होतो. सायगॉनमध्ये तो खालच्या पट्टीत दबून अलगद वर येतो. आमच्या मते दक्षिणेची बोली नवख्या कानाला मऊ वाटते, त्याचे मोठे कारण हेच आहे.

लेखन आणि उच्चार यांच्यात एवढे अंतर का, याचे उत्तर सतराव्या शतकात आहे. फ्रान्सिस्को द पिना आणि त्यांच्यासारख्या जेझुइट मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांत व्हिएतनामी लिहिण्याची पद्धत बसवली. त्यांच्यापैकी आलेक्सांद्र द रोद १६१९ मध्ये गोव्यात उतरले आणि तिथून पुढे मकावमार्गे व्हिएतनामला गेले. त्यांचा व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन भाषांचा कोश १६५१ मध्ये रोमला छापला गेला. त्याच सुमारास गोव्यातले जेझुइट मराठी आणि कोकणीही रोमन अक्षरांत लिहीत होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. व्हिएतनामीत 'ञ'साठी जी दोन अक्षरे वापरतात, ती पोर्तुगीज लेखनातूनच आली. या लेखनाने जे भेद टिपले ते सगळेच्या सगळे आज हानोईच्या तोंडी नाहीत आणि सायगॉनच्याही नाहीत.

मराठी भाषकाला 'त' आणि 'थ' यांतला फरक शिकवावा लागत नाही, आणि व्हिएतनामीत तो नेमका तसाच आहे. अडचण शब्दाच्या शेवटी येते. 'भात' म्हणताना आपण 'त' उच्चारून जीभ सोडतो. व्हिएतनामीत शेवटचे 'प', 'त' आणि 'क' तोंड बंद करूनच थांबवायचे असतात, हवा बाहेर सोडायची नसते. आरशासमोर 'टप' म्हणून ओठ मिटलेले ठेवण्याचा सराव आम्ही पहिल्याच तासाला करून घेतो. सुरुवातीच्या 'ङ'साठी 'अंगण' हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत त्याचा आरंभीचा 'अ' हळूहळू गाळायचा असतो. हे जमले, की देशात सर्वाधिक आढळणारे आडनाव, जे सायगॉनमध्ये 'ङ्वीएङ' असे काहीसे ऐकू येते, ते समोरच्याचा मान राखून घेता येते.

सायगॉनमध्ये राहणारा प्रत्येक जण असेच बोलतो, असे मात्र नाही. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले आणि त्यांच्या अनेक घरांत आजही उत्तरेची छटा ऐकू येते. म्हणून नोंदणी करताना केवळ शहराचे नाव न देता, शक्य असल्यास आपल्या सहकाऱ्याच्या परवानगीने त्यांच्या आवाजाचे अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण आम्हाला द्यावे. ते ऐकून दुभाषी किंवा शिक्षक कोणत्या भागातला असावा, हे आम्ही काम सुरू होण्यापूर्वी आपल्याला लेखी कळवतो, आणि या तपासणीसाठी वेगळे शुल्क घेत नाही.