‘चालतंय ना? मग हात लावू नका!’

वेब अ‍ॅप्लिकेशन नीट चालत असेल तर त्यातल्या लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड) अपग्रेड करू नयेत, हा सल्ला प्रोग्रॅमर मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय. (आपल्याकडे पिढी पाचेक वर्षांचीच, ते सोडा.) सल्ला चुकीचा आहे. तुमचा कोड जागचा हलला नाही, तरी त्यातल्या सुरक्षेच्या फटी जगाला कळत जातात.

जावातलं लॉगफोरजे, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणारी लायब्ररी, घ्या. २०१३ पासून त्यात असलेली फट डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाली आणि कालपर्यंत गुणी वाटणारी आवृत्ती एका रात्रीत सताड उघडं दार ठरली. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीला तर सबबही नव्हती. ती वापरत असलेल्या अपाची स्ट्रट्स या लायब्ररीतल्या फटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आली होती. ती सगळीकडे लावली गेली नाही, आणि मे महिन्यापासून १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली.

म्हणून दिसलं अपडेट की लाव, असंही नाही. २०१८ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांच्या भांडारातल्या इव्हेंट-स्ट्रीम लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतूनच बिटकॉइन चोरणारा कोड आला होता. लॉकफाइल (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या पक्क्या करणारी फाइल) अशा आगंतुकाला दाराबाहेर थोपवते, पण जुन्या फटीही तशाच जपून ठेवते.

खरी मेख अपग्रेड साचण्यात आहे. रेल्स या वेब अ‍ॅप्लिकेशनच्या तयार चौकटीच्या आवृत्ती ५.२ वरून ६.०, मग ६.१, प्रत्येक पायरीवर टेस्ट, असं केलं तर बिघडलेली जागा लगेच सापडते. चार वर्षं थांबून एकदम उडी मारली की नेमकं कशामुळे मोडलं तेच कळत नाही, आणि मग दोष बिचाऱ्या अपग्रेडला.