सादरीकरणातील चित्रे आणि आकृत्या तुम्हीच बदलताना

फाइल आम्ही तयार करून दिली, तरी पुढे तिच्यात हात तुम्हीच घालणार. उत्पादनाचा नवा फोटो येतो, आकडे बदलतात, बोधचिन्ह बदलते. अशा वेळी मांडणी बिघडू नये म्हणून हे पत्रक फाइलसोबत देत आहोत. सूचना विंडोजवरील पॉवरपॉइंट २०१६ आणि त्यापुढील आवृत्त्यांसाठी आहेत. मेनूंची नावे आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे होतील.

जुन्या फोटोच्या जागी नवा

जुना फोटो डिलीट करून नवा टाकू नका. जुन्यावरच उजवी क्लिक करा, 'चेंज पिक्चर' निवडा आणि नवी फाइल दाखवा. जागा, सावली, अ‍ॅनिमेशन सगळे तसेच राहते. डिलीट केले की अ‍ॅनिमेशनही जाते, आणि क्लिकचा क्रम चुकल्याचे सभेत उभे राहिल्यावर कळते.

नवा फोटो जागेत नीट बसत नसेल तर 'क्रॉप' (कडा कापणे) वापरा. बाजूचा मधला बिंदू धरून ओढला की चेहरे फुगतात किंवा लांबुडके होतात. फोटोचा कोपरा धरला तर प्रमाण टिकते. वर्तुळ, चौकट अशा आकृत्यांना मात्र कोपरा धरतानाही शिफ्ट दाबून ठेवावी लागते.

फोटो मूळचाच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेतच लहान होतो; तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. छायाचित्राला जेपीजी चालते. बोधचिन्ह, तक्ता किंवा स्क्रीनची प्रतिमा पीएनजीमध्ये घ्या, कारण जेपीजीत अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके येतात. पॉवरपॉइंट २०१९ किंवा त्यापुढचे असेल आणि बोधचिन्हाची एसव्हीजी फाइल असेल तर उत्तम, ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. तिच्यातली अक्षरे आधी आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की वेगळेच वळण दिसते. सगळ्या स्लाइडवर येणारे बोधचिन्ह 'व्ह्यू' मधील 'स्लाइड मास्टर'मध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यात, असते. साध्या स्लाइडवर ते निवडलेच जात नाही, म्हणून काही जण त्यावर पांढरी चौकट ठेवून नवे चिकटवतात. कृपया तसे करू नका. मास्टरमध्ये एकदा बदलले की पुरते.

फाइल जड का होते

रुंद स्लाइड १३.३३ इंच बाय ७.५ इंच असते. फुल एचडी पडद्यावर ती १९२० बाय १०८० पिक्सेलमध्ये दिसते, म्हणजे इंचाला १४४ पिक्सेल. अर्ध्या स्लाइडभर फोटोला साधारण ९६० पिक्सेल रुंदी पुरते. मोबाइलचा फोटो सहज ४००० पिक्सेलचा असतो. असे दहा-बारा फोटो टाकले की फाइल मेलने जात नाही.

उपाय सोपा आहे. कोणताही फोटो निवडा, 'पिक्चर फॉरमॅट' मध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडा. 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' समोरची खूण काढा. ती आधीपासून असते, आणि न काढल्यामुळेच 'काही फरक पडला नाही' अशी तक्रार येते. पडद्यासाठी १५० पीपीआय (इंचाला पिक्सेल) निवडा, कागदावर छापायचे असेल तर २२०. हे सर्वांत शेवटी आणि फाइलच्या वेगळ्या प्रतीवर करा: लहान करून दाबलेला फोटो नंतर मोठा केला की धूसर दिसतो, आणि गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

याच खिडकीत 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' आहे, त्याची खूण राहू द्या. नुसते क्रॉप केलेला भाग दिसेनासा होतो, जात नाही. फाइल मिळालेला कोणीही क्रॉपची कड ओढून तो पाहू शकतो. ओळखपत्र, बँकेचा कागद, किंमतपत्रक यांच्या प्रतिमांबाबत हे विशेष सांभाळा.

आकृत्या आणि बाण

ग्रुपमधली (एकत्र बांधलेल्या आकृत्यांतली) एक चौकट बदलण्यासाठी ग्रुप फोडू नका; फोडला की त्याचे अ‍ॅनिमेशन जाते. एकदा क्लिक केल्यावर ग्रुप निवडला जातो, पुन्हा क्लिक केल्यावर आतली चौकट. ग्रुप ओढून लहान केला तरी अक्षरांचा आकार आणि रेषांची जाडी तीच राहते, त्यामुळे मजकूर चौकटीबाहेर सांडतो. अक्षरे वेगळी लहान करा. मजकूर चौकटीतच टाइप करा. वर सुटा मजकूर ठेवला की चौकट हलते आणि शब्द मागे राहतात.

बाणाचे टोक चौकटीच्या ठिपक्यावर सोडा. टोक हिरवे दिसले तर ते जोडले गेले, पांढरे असेल तर नुसते टेकलेले आहे आणि चौकट हलवताच सुटेल.

चौकटींमध्ये सारखे अंतर हवे असेल तर 'अलाइन' मधील 'डिस्ट्रिब्यूट' घ्या, पण आधी 'अलाइन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स' वर खूण आहे ना ते पाहा. 'अलाइन टू स्लाइड' असेल तर चौकटी थेट स्लाइडच्या कडांपर्यंत पांगतात. एकाखाली एक दडलेली चित्रे शोधायला ऑल्ट + एफ१० दाबा. यादीतल्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक केले की वरचे चित्र तात्पुरते लपते.

एक्सेलमधून आणलेला आलेख

साधे पेस्ट केले तर आलेख एक्सेलच्या फाइलशी जोडलेला राहतो. दुसऱ्या संगणकावर तो दिसतो, पण 'एडिट डेटा' उघडत नाही. पेस्टच्या पर्यायांत 'एम्बेड' (सादरीकरणाच्या आतच ठेवणे) घेतले तर आकडे सोबत जातात, मात्र त्या वर्कबुकातली, म्हणजे एक्सेलच्या फाइलमधली, सगळी पाने जातात, पगाराचे पानसुद्धा. बाहेरच्या माणसाला फाइल द्यायची असेल तर आलेख 'पिक्चर' म्हणून पेस्ट करा, किंवा लागणारे आकडे कोऱ्या वर्कबुकात घेऊन त्यावरून आलेख काढा आणि मग तो एम्बेड करा.