मॅगझिन आधी, स्लाइड नंतर

'पिस्तूल साफ करताना चुकून गोळी सुटली' ही बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळते. ती वाचून अनेकांचा असा समज होतो की पिस्तूल हे मुळातच बेभरवशाचे यंत्र असून पुसतापुसता ते आपोआप उडू शकते. वस्तुस्थिती तशी नाही. सुस्थितीतल्या पिस्तुलाची गोळी सुटते ती जवळजवळ नेहमी चाप ओढला गेल्यामुळे, आणि साफ करणाऱ्याने चाप ओढलेला असतो तो पिस्तूल रिकामे आहे या खात्रीने. ही खात्री कशी फसते, हे समजण्यासाठी अर्धस्वयंचलित पिस्तूल आतून कसे चालते ते पाहावे लागते.

'अर्धस्वयंचलित' या शब्दाने गैरसमज होतो. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. आपोआप होते ते पुढचे काम. गोळी सुटल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाच्या वरचा मागेपुढे सरकणारा पोलादी भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, काडतुसावर आघात करणारा घोडा चढवते आणि पुढे येताना मॅगझिनमधले, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतले, वरचे काडतूस ढकलत नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्ये नेऊन बसवते. म्हणजे काडतुसे एका नव्हे, दोन जागी असतात. सात काडतुसांचे मॅगझिन भरून स्लाइड एकदा ओढून सोडली की एक काडतूस चेंबरमध्ये जाते आणि मॅगझिनमध्ये सहा उरतात. आता मॅगझिन काढून हातात घेतले, सहाच्या सहा काडतुसे मोजून टेबलावर मांडली, तरी सातवे चेंबरमध्ये जिवंत आहेच.

याहून फसवी चूक क्रमाची आहे. एखाद्याने मॅगझिन आत असतानाच आधी स्लाइड ओढली, तर चेंबरमधले काडतूस टपकन बाहेर पडते आणि ते डोळ्यांना दिसते. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस त्याच जागी नेऊन बसवते. त्यानंतर मॅगझिन काढले की माणसाच्या दृष्टीने दोन्ही कामे झालेली असतात, आणि पिस्तूल मात्र भरलेले राहते. म्हणून क्रम एकच: मॅगझिन आधी, स्लाइड नंतर. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे आणि शक्य असेल तिथे करंगळीचे टोक आत घालून ती जागा पोकळ आहे हे चाचपायचे. अंधूक उजेडात डोळा चुकतो, करंगळी चुकत नाही. हे सारे होत असताना नळीचे तोंड सुरक्षित दिशेला हवे आणि बोट चापाबाहेर हवे.

काही पिस्तुलांत मॅगझिन काढले की चाप निकामी होतो. फ्रेंच सैन्याच्या मागणीमुळे 'हाय-पॉवर' या 1935 च्या पिस्तुलात ही सोय आली, आणि आपल्याकडे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे 9 मिमी पिस्तूल त्याच घराण्यातले आहे. सोय चांगली आहे. पण तिची सवय झालेला माणूस दुसरे पिस्तूल हाती घेतो तेव्हा तीच सवय घातक ठरू शकते. ग्लॉक पिस्तुलाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याची स्लाइड उतरवण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो, त्यामुळे तिथे चेंबर तपासण्याचा आळस थेट अपघाताकडे नेतो.

आता मला सर्वांत प्रिय असलेल्या भागाकडे वळतो. जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराने घडवलेले आणि 1911 साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले .45 कॅलिबरचे पिस्तूल, ज्याला आजही '1911' एवढ्याच नावाने ओळखतात, हे पदार्थविज्ञानाचे हातात मावणारे प्रात्यक्षिक आहे. ब्राउनिंगपुढचा प्रश्न असा होता: काडतुसातली दारू पेटल्यावर चेंबरमध्ये वातावरणाच्या सुमारे चौदाशे पट दाब तयार होतो. त्या क्षणी नळीचे मागचे दार उघडले, तर पितळी पुंगळी फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येईल. पण दार उघडायची शक्ती तर त्याच स्फोटातून घ्यायची आहे. तेव्हा दार उघडले पाहिजे, पण गोळी बाहेर पडून दाब ओसरल्यावरच. मध्ये अवकाश आहे तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा.

ब्राउनिंगने यावर घड्याळ लावले नाही, वस्तुमान कामाला लावले. नळीच्या पाठीवर आडवे कंगोरे आहेत आणि स्लाइडच्या पोटात त्यांच्या मापाच्या खाचा आहेत. गोळी सुटताना कंगोरे खाचांत घट्ट बसलेले असतात, म्हणून नळी आणि स्लाइड हा एकच जड तुकडा बनतो. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की गोळीला पुढे जितका संवेग मिळेल तितकाच या तुकड्याला मागे मिळेल. गोळीचे वजन सुमारे 15 ग्रॅम आणि नळी-स्लाइडचे मिळून अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे साधारण तीसपट. तेव्हा गोळी नळीतून अकरा सेंटिमीटर धावेपर्यंत हा तुकडा तिच्या तिसाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे साडेतीन-चार मिलिमीटरच मागे सरकतो. कंगोऱ्यांची खाचांतून सुटका होते ती सहा मिलिमीटरांच्या आसपास. मधले दोन-अडीच मिलिमीटर हीच सारी सुरक्षितता आहे.

सुटका करतो तो एक दुवा: दोन भोके पाडलेला, 8 च्या आकड्यासारखा पोलादी तुकडा. त्याचे वरचे भोक नळीच्या बुडाशी पिनेने जोडलेले असते आणि खालच्या भोकातून स्लाइड स्टॉपचा, म्हणजे स्लाइड मागे अडकवणाऱ्या कळीचा, दांडा आरपार जाऊन पिस्तुलाच्या सांगाड्यात बसलेला असतो. नळी मागे सरकू लागली की दुवा खालच्या दांड्याभोवती झोक्यासारखा फिरतो, आणि झोका मध्यापासून बाजूला गेला की त्याची उंची बदलते, तशी नळीची शेपटी खाली ओढली जाते. कंगोरे खाचांतून उतरतात, नळी सांगाड्याला टेकून थांबते आणि मोकळी झालेली स्लाइड मिळालेल्या गतीने एकटीच मागे जाते. सरळ रेषेतल्या हालचालीतून खाली उतरण्याची हालचाल मिळवून देणारा हा एवढासा तुकडा मला कोणत्याही मोठ्या यंत्राइतकाच थोर वाटतो.

राही सरनोबत या कोल्हापूरच्या नेमबाजाने 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्या 25 मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात .22 ची काडतुसे वापरतात. तिथे गोळी अडीच-तीन ग्रॅमची असते, म्हणून कंगोरे-खाचांची गरज पडत नाही. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागते.

1911 उलगडताना ही रचना उलट्या क्रमाने समोर येते, आणि त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही. नळीच्या तोंडाखाली स्प्रिंगवरचे टोपण अंगठ्याने आत दाबून धरायचे आणि नळीभोवतीचा बुश, म्हणजे तिला तोंडाशी धरून ठेवणारे कडे, बाजूला फिरवायचा. इथे अंगठा सैल पडला तर टोपण उडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते, म्हणून दाब हळूहळू सोडायचा. मग स्लाइड मागे सरकवून तिच्यावरची छोटी खाच स्लाइड स्टॉपच्या रेषेत आणायची आणि त्याचा दांडा उजवीकडून ढकलून डावीकडे बाहेर काढायचा. हाच तो दुव्याचा दांडा. तो निघाला की नळीला सांगाड्याशी बांधणारे काहीच उरत नाही आणि स्लाइड पुढच्या बाजूने अलगद निघून येते. मग स्प्रिंग, बुश आणि शेवटी दुव्यासकट नळी वेगळी होते. रोजच्या साफसफाईला एवढे पुरते.

नळी साफ करायची ती चेंबरच्या बाजूने तोंडाकडे, कारण तोंडाची कड झिजली तर नेम बिघडतो. ब्रश ब्राँझच्या तारांचा हवा, म्हणजे पोलाद ओरखडत नाही. एनसीसीत ज्यांनी .22 रायफलीतून फुलथ्रू, म्हणजे चिंधी अडकवलेली दोरी, ओढले आहे, त्यांना शेवटची चिंधी कोरी निघाल्याचे समाधान माहीत असेल. जुन्या काळी या कामात पाणी वापरत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. त्यामागे रसायनशास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ, नळीत उरे. कोकणातल्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे जे होते तेच नळीत होई: क्षार हवेतला ओलावा ओढून घेई आणि रातोरात गंज चढे. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी उकळते पाणी, तापलेले पोलाद त्या उष्णतेनेच कोरडे झाले की मग तेल.

तेलाबद्दलही अंधश्रद्धा आहे, की जितके जास्त तितके बरे. जादा तेलात दारूची काजळी आणि धूळ मिसळून घासणारा लगदा बनतो. बोटाने पसरवलेला पातळ थर पुरे. खंडेनवमीला शस्त्रे पुसून, तेल लावून मांडण्याची प्रथा मला मोलाची वाटते, कारण तिच्यात वर्षातून एकदा तरी शस्त्र तपासण्याची शिस्त आहे. परंतु ओली फुले आणि कुंकू स्लाइडच्या फटीत राहू दिले, तर पूजेने पोलादाचे रक्षण होत नाही, नुकसानच होते. पूजा आटोपल्यावर त्याच दिवशी ते पुसून काढावे.

आजच्या काडतुसांत क्लोरेट नसते, पण बहुतेकांच्या टोपीत लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असते. त्यामुळे काळ्या पडलेल्या चिंध्यांत शिसे असते आणि ते बोटांवरून तोंडात जाऊ शकते. साफसफाई जेवणाच्या टेबलावर करू नये, त्या वेळी खोलीत एकही काडतूस ठेवू नये, चिंध्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि काम संपल्यावर काही खाण्यापूर्वी साबणाने, गार पाण्याने, नखांच्या कडांपर्यंत हात धुवावेत.